चढवलेली गोळी

वडिलांच्या पिस्तुलात गोळी चढवलेली असावी की नसावी, यावर आमच्या घरात जितकी चर्चा झाली, तितकी माझ्या लग्नावरही झाली नसेल.

बिडकीनकडच्या शेतावरून परत येताना एकदा वडिलांना रस्त्यात अडवून मारहाण झाली. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाचं लायसन काढलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला नसत्या चौकशांची खोड होती. ते चालतं कसं, हे विचारून विचारून मी त्यांना भंडावून सोडलं. गोळ्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये असतात. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून सोडला की त्यातली एक वर सरकून नळीत बसते. ती चढवलेली गोळी. मग नुसता घोडा दाबायचा.

खेचायला दोन हात लागतात आणि घोडं तिथंच अडलं होतं. वडिलांच्या डाव्या हाताची बोटं मळणीयंत्रात गेलेली, अंगठा तेवढा शिल्लक. सकाळी ते खाटेवर बसून पिस्तूल गुडघ्यांत धरायचे, उजव्या हातानं खेचून गोळी चढवायचे आणि मगच कमरेला लावायचे.

"येळ आली तर रस्त्यात गुडघ्यात धरून बसू का?" ते म्हणायचे.

"आन् गाडीवर मागं मी बसते त्याचं काय?" आई विचारायची. "खड्डा आला की माझा जीव टांगणीला. मला नाय पायजे ती चढवलेली."

मला दोघांचंही पटायचं. कोण जिंकतंय याची मात्र मोठी उत्सुकता होती.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने असं सगळं पाटावर मांडतात. त्या वर्षी पिस्तूलही मांडायचं ठरलं. रिकामं करूनच मांडायचं, ही आईची अट. गोळीलाही हळदकुंकू लागलं पाहिजे, ही वडिलांची हौस. म्हणून त्यांनी आधी पिस्तूल गुडघ्यांत धरून खेचलं. चढवलेली गोळी बाहेर पडली, ती त्यांनी पाटावर उभी केली. मग मॅगझीन काढून शेजारी ठेवलं. आई पिस्तुलासमोर बसली, हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडूचं फूल वाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं, त्यामुळे संध्याकाळचा दिवाही तिनं तिथंच बसून लावला.

दसऱ्याला वडिलांनी फूल काढलं, पिस्तूल पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. लई चौकशा करती ना? रिकामंच हाय. दाब घोडा."

मला घोड्यापेक्षा खेचून बघायचं जास्त कुतूहल होतं. मी खेचलं. एक गोळी टुणकन बाहेर पडली आणि आई समोर बसून आपट्याची पानं निवडत होती, त्या पानांत पडली.

काय झालं होतं ते मला लगेच कळलं. नवमीला वडिलांनी मॅगझीन आत असतानाच खेचल्यामुळे एक गोळी बाहेर पडली होती आणि तिच्या जागी दुसरी चढली होती. माझ्या हातातली नळी आईच्या दिशेनं होती. मी ती जमिनीकडे वळवली.

"आजपासून नाय चढवत," वडील म्हणाले.

आणि मी, नको त्या वेळी, विचारलंच, "मग वेळ आली तर?"

वडिलांनी नुसतं डाव्या हाताकडे पाहिलं. आईनं ती गोळी उचलून पाटावर ठेवली आणि माझ्याकडून पिस्तूल दोनदा तपासून घेतलं. मग ते वडिलांच्या उजव्या हातात दिलं, त्यांच्या मागे उभी राहिली आणि म्हशी पिळून तयार झालेल्या मुठीनं तिनं ते एका दमात खेचलं.

"गाडीवर मागं मीच असते ना," ती म्हणाली. "खेचायला मी हाय."

पुढे कितीतरी वर्षं शेतावर निघण्याआधी दोघं ओसरीत रिकाम्या पिस्तुलावर सराव करायचे. त्यांनी धरायचं, तिनं खेचायचं. मी दारात उभी राहून हसायचे. तशी वेळ कधी आली नाही.

आई गेली आणि तिचं दिवसकार्य आटोपल्यावर वडील पिस्तूल कायमचं जमा करायला निघाले. मी सोबत होते. पोलीस ठाण्यातल्या कारकुनानं कारण विचारलं.

"खेचणारी गेली," वडील म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. त्यानं 'वयोमानामुळे' असं लिहून घेतलं.