गवतावर घेतलेला पांढरा

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी दहा. ठिकाण : लातूर, माझ्या माहेरच्या गल्लीच्या टोकाचा मोकळा प्लॉट. हजर : मी, नांदेडहून पहाटेच्या एसटीने आलेली, माझा धाकटा भाऊ, गल्लीतच फोटो स्टुडिओ चालवणारा, आणि शेजारच्या चाची, वय सत्तरच्या आसपास, पिशव्या शिवणाऱ्या. गैरहजर : प्लॉटचे मालक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांना बोलावलं नव्हतं. काम : प्लॉटवरचा कडुनिंब जिवंत आहे की मेलाय, हे फोटो काढून ठरवणे.

वहीत त्या दिवशी लिहिलं ते असंच आहे. आता त्यात एक शब्दही बदलायचा मला हक्क नाही.

त्या झाडाशी चाचींचा संबंध काय, ते आधी सांगते. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या गल्लीतली घरं पडली नाहीत. भिंतींना भेगा गेल्या, एवढंच. पण छताखाली झोपायची हिंमत कुणाची राहिली नाही. कित्येक आठवडे अख्खी गल्ली या कडुनिंबाखाली झोपली; आमच्याकडे त्याला नुसतं लिंब म्हणतात. मी तेव्हा कॉलेजात होते. कोण कुठे झोपतं, कुणाला ताप आहे, कुणाला घोंगडी मिळाली आणि कुणाला नाही, याची यादी मी ठेवायचे. चाचा तेव्हा होते. त्यांनी घराचं माळवद उतरवलं आणि वर पत्रे टाकले. “डोक्यावर माती आता नको,” म्हणाले. ते पत्रे आजही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली शिलाई मशीन चालवता येत होतं, ते फक्त लिंबाची सावली दुपारभर त्या पत्र्यांवर पडायची म्हणून.

पुढे शिकवण्या वाढल्या, पोरांची गर्दी वाढली. सरांना प्लॉटवर अभ्यासिका आणि वर वसतिगृह बांधायचं होतं. त्यातच दोन वर्षं लिंबांवर रोग आला होता. नांदेडपासून उदगीरपर्यंत रस्त्याकडेचे लिंब शेंड्याकडून जळाल्यासारखे तपकिरी दिसायचे. काही पुन्हा फुटले, काही नाही फुटले. प्लॉटवरचा लिंबही वरून करपला होता. सरांनी ‘वाळलेले व धोकादायक’ म्हणून तोडायची परवानगी मागितली. खोडावर नोटीस लागली, हरकतीला सात दिवस.

चाचींनी मला फोन केला. “बाई, तू यादीवाली हायस. तूच बघ. मला तर जिता वाटून राहिला लिंब.”

मी नांदेडला एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वर्षभर एक खटाटोप चालू होता, तो इथे कामी येईल असं मला वाटलं. पूर्वी एक रंगीत फिल्म मिळायची. ती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पकडायची. हिरवं पान हा प्रकाश भरपूर परतवतं, म्हणून त्या फिल्मवर झाडं लालभडक यायची आणि मलूल झाड फिकं पडायचं. विमानातून पिकं आणि जंगलं पाहायला ती वापरत. ती फिल्म आता बनत नाही. तिच्यासारखा रंग देणारी, भिंगापुढे लावायची तयार काच मिळते, पण ती माझ्या ऐपतीबाहेरची. मग मी स्वस्तातला मार्ग धरला.

भावाचा एक जुना डिजिटल कॅमेरा पडून होता. नांदेडच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारे एक मामू आहेत. त्यांनी तो उघडला आणि आतली निळसर काच काढून टाकली. ती काच अवरक्त प्रकाश अडवण्यासाठीच असते. “ताई, चष्मा उतार दिया इसका,” मामू म्हणाले, “अब इसको वो भी दिखेगा जो नहीं दिखना चाहिए. शादी में मत ले जाना, सबके काले कपडे जामुनी आएंगे.”

दुसरी वस्तू जिलेटिन कागद. ऑर्केस्ट्रावाले दिव्यांपुढे लावतात तोच. मंडपवाल्याकडून मी सगळ्या रंगांचे तुकडे आणले आणि प्रयोगशाळेत एकेक तपासला. हे कागद दिसणारे रंग अडवतात, पण अवरक्त प्रकाश सगळेच आरपार जाऊ देतात. कॅमेरा तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या खान्यांत मोजतो. निळसर-हिरवा कागद तांबडा प्रकाश अडवतो. मग कॅमेऱ्याच्या तांबड्या खान्यात पानाचा अवरक्त प्रकाशच तेवढा उरतो आणि पान लाल दिसतं. निळा रंग फार चढतो, तो दाबायला फिकट पिवळा कागद. दोन्ही कागद गोल कापून जुन्या फिल्टरच्या कड्यात बसवले. पहिला फोटो विष्णुपुरीला, धरणाच्या बाजूला काढला. बाभळी कुंकवासारख्या लाल, पाणी गडद, सुकलेलं गवत पिवळट. मी अर्धा तास कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत बसले होते.

तर त्या रविवारी. उजेड चांगला होता. कॅमेरा तिपाईवर, कड्यात कागद, सगळं वहीतल्या यादीप्रमाणे. एक पायरी उरली होती. कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं की पांढरं कशाला म्हणायचं. त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो.

“ताई, पांढरा कशावर घेऊ?” भावानं विचारलं. “फोटोमागचा पांढरा पडदा आणू का दुकानातून?”

“नको. पोरं फॉर्मच्या फोटोंना रांगेत उभी आहेत, पडदा कशाला उतरवतोस? वहीत लिहिलंय, हिरव्या गवतावर घ्यायचा.”

“गवतावर?”

“लिहिलंय ना.”

त्यानं लिंबाखालच्या गवतावर घेतला. मग झाडाचे सहा फोटो काढले. आम्ही तिघं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलो. लिंब राखेच्या रंगाचा आला होता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फिका, लालाचा ठिपकाही नाही.

भाऊ हळूच म्हणाला, “ताई, हे तर गेलं.”

चाचींनी चष्मा वर केला. “हे आपलंच झाड हाय का? राख फासल्यागत दिसून राहिलंय.” मग मान वर करून खऱ्या झाडाकडे पाहिलं. “वर पानं तर हायत की गं, हिरवी.”

“चाची, डोळ्याला हिरवं दिसतं. आतून गेलेलं असतं, ते यात दिसतं.”

हे वाक्य मी बोलले.

हरकतीचा कागद पिशवीत तयार होता. चाचींची सहीसुद्धा झाली होती, फोटो जोडायचा बाकी होता. दुसरा दिवस शेवटचा. मी व्यवहारी बाई. हरणारी हरकत घेण्यापेक्षा काहीतरी पदरात पाडून घ्यावं, असं मला वाटलं. “उद्या वाऱ्यानं पडलं तर तुमच्याच पत्र्यावर पडेल,” असंही मी वर म्हटलं. दुपारी सरांकडे गेले. झाडाच्या बदल्यात चाचींच्या पत्र्यांवर हिरवी शेडनेट बांधून द्यायचं कबूल करून घेतलं. सर फार नम्रपणे बोलले. चहा पाजला. “मॅडम, तुमच्यासारखी शास्त्रीय दृष्टी सगळ्यांना असती तर!” म्हणाले.

चाचींनी हरकतीचा कागद घडी करून परत माझ्या हातात दिला. “तू म्हणतीस तर असंल. तुझी यादी कधी चुकली न्हाई.”

जानेवारीत झाड पाडलं. संध्याकाळी भावाचा फोन आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “ताई, आतून ओलं होतं गं. करवत चिकट होऊन राहिली होती. शेंड्याला तांबूस पालवीपण आलेली.”

मी वही काढली. दोन पानं समोरासमोर होती. डावीकडे वेगळाच प्रकार, एकाच गडद फिल्टरने काढायचे अवरक्त फोटो. त्यात पांढरा गवतावर घेतात, कारण त्या फोटोत पानं पांढरी हवी असतात. उजवीकडे माझे दोन कागद. यादी स्वच्छ लिहून काढताना डावीकडची पायरी मी उजवीकडच्या यादीत उतरवली होती. विष्णुपुरीला पांढरा मी चुन्याच्या कठड्यावर घेतला होता आणि ते कुठे टिपलंच नव्हतं. गवताला पांढरं म्हटल्यावर कॅमेऱ्यानं लिंबालाही पांढरट ठरवलं. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये पांढरा नंतरही बदलता येतो. भावानं काढलेल्या सहाही फाईल माझ्याकडे होत्या. चौकटीच्या कडेला चाचींची चुन्याची भिंत आली होती. तिला पांढरं ठरवलं आणि लिंब बुंध्याच्या फुटव्यापासून वरपर्यंत लाल झाला. शेंडे तेवढे करपलेले, बाकी भरगच्च. ज्या दिवशी आम्ही त्याला मेलेला ठरवलं, त्याच दिवसाचा हा फोटो. झाड पाडायला तेव्हा महिना बाकी होता.

तसं बघितलं तर जिलेटिनचे दोन तुकडे लावून झाडाची नाडी बघायला जाणं हीच चूक. ती फिल्म तरी झाडं बघायला वापरत होते. माझ्याकडे तिच्या रंगाची नक्कल होती. ती लाल आली असती तरी पुरावा ठरली नसती. चाचींच्या डोळ्यांना दिसत होतं तेवढं पुरेसं होतं.

भावाला सांगितलं. तो चिडला. “आता कशाला उकरतेस? झाड परत येणार हाय का? म्हातारीला उगी त्रास.” अभ्यासिकेच्या तळमजल्यावर त्याला गाळा मिळतोय, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्यावरून त्याला बोलायची मला सोय राहिलेली नाही. ‘गवतावर?’ असं त्यानं विचारलं होतं.

शेडनेट सरांनी बांधून दिली, शब्द पाळला. एका उन्हाळ्यात ती फाटली. आता दर वर्षी मार्चमध्ये चाची मशीन ऑटोत घालून निलंग्याला लेकीकडे जातात आणि पाऊस पडल्यावर परत येतात. गल्लीत कुणी झाडाचं नाव काढलं की माझी बाजू घेतात. “बाईनं नांदेडहून मशीन आणून बघितलं. मेलेलाच होता लिंब.” मागच्या दिवाळीत सरांचाही फोन आला होता. “मॅडम, मागच्या बाजूला एक शिरसाचं झाड आहे. तुमचा तो कॅमेरा एकदा त्याला लावता का?” मी नाही म्हटलं. कारण विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही.

लाल फोटोची मोठी प्रिंट काढून घेतली आहे. पुठ्ठ्यात घालून, पाकिटावर चाचींचं नाव लिहून ठेवलंय. त्यानंतर चार वेळा लातूरला जाऊन आले. दोनदा पाकीट बरोबर होतं. एकदा चाचींनी चहा केला, पिशवी शिवून दिली, निघताना तोंडावरून हात फिरवला, आणि मी पाकीट तसंच घेऊन स्टँडवर आले.

या महिन्याच्या यादीत नऊ कामं होती, आठ झाली. राहिलेलं : चाचींना फोटो दाखवून खरं सांगणे. त्या निलंग्याला जायच्या आत.