मयताचा फ्लॅट नंबर

५ जानेवारी २०२५, रविवार. पनवेलच्या एका सभागृहाच्या दारात काशिराम घरतांनी गीतस्पर्धेचं प्रवेशशुल्क भरलं, ४५० रुपये. फॉर्मवर चार चौकटी होत्या : भक्तिगीत, भावगीत, लोकगीत, विनोदी व इतर. त्यांनी लोकगीतावर खूण केली. टेबलामागच्या निकेशने गाण्याच्या दोन ओळी वाचल्या, खुदकन हसला आणि ती खूण खोडून शेवटच्या चौकटीत नवी केली.

“यात हसन्यासारखं काय हाय?”

“काका, मस्त कॉमेडी आहे. दुपारी अडीचला तुमचा नंबर.”

“आनि लोकगीत?”

“ते सहाला. प्रमुख पाहुणे आल्यावर.”

प्रमुख पाहुणे म्हणजे बिल्डर प्रितमशेठ. गाणं त्यांच्यावरच होतं.

काशिराम उलव्याजवळच्या गावचे. चाळीस वर्षं त्यांनी हळदीत टोमण्यांची गाणी म्हटली. कोणी बांध सरकवला त्यावर, कोणी जावयाला उपाशी ठेवलं त्यावर. गावाची रीत पक्की होती. ज्याच्यावर गाणं, त्याला समोर बसवायचं. त्याने मधेच उठायचं नाही, आणि गाणं संपलं की गाणाऱ्याच्या हातावर नोट ठेवायची. गावाच्या लेखी अशा गाण्यांचे प्रकार दोनच : तोंडावरचं आणि पाठीमागचं. हसू दोन्हींत यायचं. पण पाठीमागचं गाणं म्हणजे चुगली, आणि चुगली काशिरामांनी जन्मात केली नव्हती.

स्मशानात जायची गावाची वाट आता प्रितमशेठच्या सोसायटीच्या गेटातून जाते. गेल्या मे महिन्यात काशिरामांच्या पत्नीची, शांतीची तिरडी गेटाशी आली तेव्हा वॉचमनने वही पुढे केली. नाव, फ्लॅट नंबर, कोणाला भेटायचं, बाहेर पडायची वेळ. रकाने भरेपर्यंत तिरडी अकरा मिनिटं उन्हात खांद्यावर होती.

अडीच वाजता सभागृहात सोळा माणसं होती. आधीच्या स्पर्धकाने कोंबड्याच्या आवाजात प्रेमगीत म्हटलं. मग काशिराम गायले. परीक्षक कुमुदताईंनी हसून हसून डोळे पुसले. विनोदी गटात पहिला नंबर.

“दादा, पयला नंबर आला आनि तोंड का पाडलंस?” ढोलकीवाल्या मिथुनने विचारलं.

“ज्याच्यावर गानं हाय तो घरी जेवतोय. ही चुगली झाली, मिथुन.”

सात वाजता बक्षिसं सुरू झाली. सभागृह भरलं होतं. प्रितमशेठनी करंडक पुढे केला. काशिरामांनी तो जमिनीवर ठेवला आणि निकेशच्या हातातला माईक ओढून घेतला.

“शेठ, बसा. तुमी पन गावचेच. हळदीची रीत तुमाला म्हाईत हाय.”

प्रितमशेठ हसत बसले. मिथुनने ढोलकीवर थाप मारली.

*गेटवाल्या दादा, तुझ्या वहीत काय लिवू?*
*मयताचा फ्लॅट नंबर कोनचा सांग देवू?*

हशा पिकला. शिट्ट्याही आल्या.

*भायेर जायाची येळ लिव, रकाना रिकामा हाय,*
*माझी शांती भायेर येवाची नाय रे दादा, नाय.*

हसू अर्ध्यात तुटलं. निकेशने माईक बंद केला. काशिरामांचा आवाज अंगणात कमावलेला. तो शेवटच्या रांगेपर्यंत तसाच गेला. प्रितमशेठ उठले.

“बसा, शेठ! मेलेलं मानूस उनात थांबलं. तुमाला पंख्याखाली बसवत नाय?”

शेठ थांबले नाहीत. त्यांच्यामागे दोन रांगा उठल्या. काशिरामांनी उरलेलं कडवं रिकाम्या खुर्चीकडे बघत पुरं केलं.

“काका, वाट लावलीत!” निकेश ओरडला. “विनोदी गटात असं म्हणतात का?”

“त्या गटात मला घातला कोनी? तूच ना?”

निकेशने बक्षिसाचं पाकीट तरीही पुढे केलं. नियम होता म्हणून.

“ज्यानी द्यायचं तो पलाला. हे त्याचं नाय, तुमचं हाय.” काशिरामांनी पाकीट उचललं नाही.

सोमवारी सकाळी गेटावर तीच वही होती.

काशिरामांना मिथुनचे ढोलकीचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.