आबांची स्लाइड

मशीननं आकडा दाखवला तेव्हा मी आधी मशीनलाच शिव्या घातल्या. शिरूरच्या एसटी स्टँडमागे माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. असे आकडे येतात, मी डॉक्टरांना फोन करते आणि पुढची ट्यूब लावते. पण या ट्यूबवर माझ्या वडिलांचं नाव होतं. प्लेटलेट इतक्या कमी, की रक्त कुठूनही सुरू झालं तर थांबायचं नाही.

आबा बाहेरच्या बाकावर बसून बशीनं चहा पीत होते. डेंग्यूचा ताप त्याच सकाळी उतरला होता, म्हणून दादानं त्यांना कवठे येमाईहून मोटारसायकलवर आणलेलं, 'सहज दाखवायला'. सहज म्हणे! ताप उतरतो तेव्हाच हा आजार दगा देतो, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला घसा कोरडा करून सांगते. घरचे सोडून सगळे ऐकतात.

"पुण्याला न्यावं लागेल," मी म्हटलं.

दादा भडकलाच. "माणूस चालतंय, बोलतंय, आन् तू म्हणतीस पुण्याला? शेजारचे मामा नेले तवा काय झालं? काचंच्या खोलीत ठेवले, तोंडसुद्धा दिसलं न्हाई. पपईच्या पाल्याचा रस देऊ, येत्याल प्लेटलेटी वर."

खरं सांगू? मलाही नव्हतं न्यायचं. एक आशा होती. कधीकधी ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो, मशीनला तो मोजता येत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. दौंडच्या मशीनवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, परवाच सर्व्हिसिंग केलंय, मशीन ओके हाय." मेला कधी नव्हे तो खरं बोलत होता. आता डोळ्यांनी बघण्यावाचून इलाज नव्हता.

काचेवर रक्ताचा थेंब ओढला, रंग घातला. स्लाइड वाळायची वाट बघत बसले. बाहेर आबांना एकदा खोकला आला आणि मी उठून दारातून बघून आले, रक्त तर नाही ना.

आधी दहाची लेन्स लावली. लोकांना वाटतं, मोठी लेन्स लावली की जास्त दिसतं. अहो, जितकं मोठं, तितकं थोडं! शंभरच्या लेन्सखाली एक कोपरा दिसतो, सगळं शेत दहाच्या खाली. गठ्ठे असले तर थेंब ओढलेल्या शेवटच्या कडेला जमतात. सगळी कड पालथी घातली. काही नाही. मग शंभरच्या लेन्सला लागतो तो तेलाचा थेंब स्लाइडवर टाकून ती लावली. चष्मा काढला. डोळा फार जवळ नेला की स्वतःच्याच पापण्या आडव्या येतात, मागं घेतला की चित्र बारकं होत काळ्या गोलात बुडतं. मधल्या जागी मान धरून बसले. भिंगातून दिसणाऱ्या एकेका गोलात मूठभर प्लेटलेट दिसायला हव्यात. दिसत होती एखादी. कुठं तीही नाही.

"सरक, फोटू काढतो." दादानं मोबाइल भिंगाला लावला, फोटो घेतला आणि दोन बोटांनी ताणत गेला. बाजारभावाचा मेसेज ताणतो तसाच. "हे बघ की! गठ्ठा! जांभळा गठ्ठा हाय का न्हाई?"

मी बघितलं, आणि देवाशपथ, मलाही गठ्ठा दिसला. डोळ्यात पाणीच आलं. वाटलं, सुटलो बाई! दादा तर आबांना हाक मारायला वळलाही होता.

"थांब," मी ओरडले.

शंभरची लेन्स आणि डोळ्याजवळचं दहाचं भिंग मिळून मायक्रोस्कोपवर हजारपट म्हणतात, ते कशाच्या हजारपट? तीच वस्तू डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरली तर जेवढी दिसेल, त्याच्या. मोबाइलवर तो हिशेबच राहत नाही. लांबून बघा, जवळून बघा, ताणा, भिंतीएवढं करा. भिंगानं जे टिपलं नाही, ते ताणून कुठून येणार? नुसता डाग फुगतो, आणि फुगलेल्या डागात माणसाला हवं तेच दिसतं. मला हवा होता गठ्ठा.

मी पुन्हा डोळा लावला. बारीक चाक केसभर फिरवलं. आजूबाजूच्या पेशी धूसर झाल्या आणि नेमका तेव्हा तो जांभळा डाग ठसठशीत झाला. म्हणजे तो पेशींच्या थरात नव्हताच, वर बसला होता. रंगाचा खडा. मला त्या क्षणी ते सगळं उचलून फेकून द्यावंसं वाटलं.

"दादा, गठ्ठा नाही."

"अगं पण फोटूत..."

"फोटो घाल चुलीत! स्टँडवरनं भाड्याची गाडी आण आणि आबांना बसव."

तो आबांकडे बघायला लागला. त्यांनीच नको म्हणावं, असं दादाला वाटत असणार. आबांनी कपबशी खाली ठेवली. "तिनं बघितलंय न्हवं? मग चला की," एवढंच म्हणाले.

शिक्रापूर ओलांडलं आणि आबांच्या नाकातून रक्त सुरू झालं. मी नाक दाबून धरलं, पदर भिजला तरी थांबेना. दादा पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला "मार, मार" म्हणत होता आणि त्याचा आवाज फाटला होता. दवाखान्यात दारातूनच आबांना आत घेतलं.

प्लेटलेट चढवल्यावर रक्त थांबलं, आणि काचेच्या खोलीतून वॉर्डात आणल्यावर त्यांना नीट बोलता यायला लागलं. दादा उशाशी बसून मोसंबी सोलत होता. आबांनी मला जवळ बोलावलं. "त्या भिंगात काय दिसलं गं तुला तवा, एवढी पळापळ केलीस ती?"

"काहीच नाही दिसलं, आबा," मी म्हटलं. "म्हणून तर पळवलं तुम्हाला."