कळा सुरू झाल्याचं कुणाला सांगू नका

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, फडक्याला पुसले आणि माझ्याकडे न बघता माझ्या आईला विचारलं, "हिचा नवरा कुठे आहे?"

आईने पदर पुढे ओढला. आमची सुईण पंचफुलाबाई माझी कंबर धरून बसली होती. शेवटी कळ ओसरल्यावर मीच सांगितलं, "अकोल्याले हायेत. त्याहिले मालूम नाही."

"काय मालूम नाही?"

"मी अडली ते."

बाई माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी सांगितलं की ह्याला 'ऑब्स्ट्रक्टेड लेबर' म्हणतात, म्हणजे वाट अडलेलं बाळंतपण. माझ्या कमरेचं हाड मुळातच अरुंद होतं. त्याला त्यांचा शब्द 'काँट्रॅक्टेड पेल्व्हिस'. मुलाचं डोकं वरच अडकलेलं होतं आणि मी कितीही जोर केला तरी ते खाली उतरणार नव्हतं. "ह्यात कुणाची चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण हिला फार आधी आणायला हवं होतं." ह्या दोन वाक्यांतलं दुसरं मला तेव्हाच पटलं. पहिलं अजून पटलेलं नाही.

मी शिकले मराठी चौथीपर्यंत. लिहायची हौस म्हणून हे लिहीत नाही. ज्यांच्या घरात उद्या एखादी पोर अडणार आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते.

माझं माहेर नांदगाव खंडेश्वरचं आणि सासर अकोल्याचं. सासरी मोर्णेच्या काठी भाजीपाल्याचा मळा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मला आणून ठेवलं होतं. आमच्याकडे बाळंतिणीजवळ सुईण असते, आणि तिच्याखेरीज कंबर धरायला, पाठ चोळायला, धीर द्यायला एक जाणती बाई बसते. आमच्या पंचफुलाबाईचा हात असा की ही दोन्ही कामं तिलाच सांगत. बाई बारा गावचं पाणी प्यालेली, तोंडाने फटकळ, पण तिचा हात पाठीवर पडला की अर्धं दुखणं उतरायचं. माझ्या आईचा तिच्यावर देवाइतका विश्वास होता, कारण मीही तिच्याच हातावर जन्मले होते.

तिचा नियम एकच. कळा सुरू झाल्या की बाहेर बोलायचं नाही. जितक्या ओळखीच्या कानांवर ती गोष्ट जाईल, तितक्या कळा वाढतात आणि बाई अडते. गावात सगळेच हे मानतात. शेजारणीने विचारलं तर "पोट्टी झोपून हाय" म्हणायचं. मीही तेच ऐकत लहानाची मोठी झाले होते, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही.

कळा सुरू झाल्या त्याच दिवशी माझा नवरा आला. बडनेऱ्याला त्याचं काही काम होतं, तिथून वाट वाकडी करून संत्र्यांची टोपली घेऊन आला होता. मी आतल्या खोलीत जमिनीवर होते. ओट्यावर त्याचा आवाज ऐकू आला. बाबांशी पिकापाण्याचं बोलला, चहा प्याला, आणि मग जरा लाजत विचारलं, "ते कशी हाय?"

आई म्हणाली, "बरी हाय. आताच डोया लागला."

मला हाक मारायची होती. पंचफुलाबाईने ते ओळखलं आणि माझ्याच पदराचा बोळा करून माझ्या तोंडात दिला. "चूप, माय. त्याच्या कानावर गेलं तं तुलेच भोगा लागीन." तो उठला, जोडा घातला आणि निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत मी तो बोळा चावत होते.

दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. पंचफुलाबाईने तेल लावलं, गरम पाण्याने शेकलं, मला घरभर चालवलं, उखळाला धरून उभं केलं. तिसऱ्या दिवशी तिचाच चेहरा उतरला. तिने स्वतःच बाबांना सांगितलं, "माह्या हातातलं नाही हे. उमरावतीले न्या." तिची ही गोष्ट मी कधी विसरत नाही. हट्टी सुईण असती तर मी नांदगावातच संपले असते.

प्रवासी सर्व्हिसच्या मोटारीने अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात आलो. दारावर नर्सबाईने सांगितलं की आत फक्त पेशंट जाईल. पंचफुलाबाई म्हणाली, "मंग तिच्यासंगं कळा तू देशीन का?" भांडण ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तपासताना दोघींनाही आत घेतलं, पण नंतर थांबायला एकच बाई, असं ठरलं. आई पुढे सरकली. मी पंचफुलाबाईचा हात धरला. आईला ते लागलं, तिने पुढे वर्षभर बोलून दाखवलं. पण त्या वेळी मला आई नको होती, आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

तपासणीनंतर बाईंनी बाबांना बोलावलं. "बाळ जिवंत आहे. ठोके चांगले आहेत. पोट उघडून बाळ काढू. ह्याला सिझेरियन म्हणतात. धोका आहे, पण आत्ता केलं तर दोघं वाचण्याची आशा आहे. तुम्ही हो म्हणा."

बाबा दारातच उभे राहिले. "पोरगी देल्ली, ते त्याहिची झाली. तिच्या पोटाले सुरी लावाचा हक मले नाही. उद्या काही झालं तं पोरीच्या सासऱ्याले काय तोंड दाखवू? जवाई म्हनतीन तसं करू."

मी खाटेवरून ओरडले, "बाई, मी म्हनतो कापा. पोट माहं हाय!"

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला तुझं हो पुरे आहे. पण घरच्यांच्या मनाविरुद्ध मी तुला कापलं आणि तू टेबलावरच गेलीस, तर ह्या मुलखातली दुसरी बाई माझ्या दवाखान्याची पायरी चढणार नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्या सगळ्या दुसऱ्या बायांची काळजी करताना समोरची बाई त्यांनी मागे ठेवली, आणि ती बाई मी होते. त्यांनी मला नंतर वाचवलं, मी त्यांच्या ऋणात आहे. तरीही हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मग अकोल्याला तार करायचं ठरलं. बाईंनी मजकूर सांगितला: बाळंतपण अडलं आहे, ऑपरेशनला संमती उलट तारेने कळवा. हो एवढा एक शब्द आला असता तरी चाललं असतं. बाबा निघाले, आणि पंचफुलाबाई पाणी आणायच्या निमित्ताने त्यांच्यामागे गेली. तिने काय सांगितलं ते मला पुढे कळलं. "तारीत हे लिहू नोका. तार अकोल्यात गेली का गल्लीभर होते. सारे सोयरे-धायरे बोलतीन, न ही इथं आनखी अडीन." बाबांनी मान हलवली. तारबाबूकडून एवढंच लिहून घेतलं: लवकर या.

आता ज्याने वऱ्हाडात दिवस काढले आहेत त्याला विचारा की घरी 'लवकर या' अशी तार आली तर माणूस काय समजतो.

माझ्या सासरी रडारड सुरू झाली. पोरगी बाळंतपणात गेली, असं सगळ्यांनी धरलं. उलट तार करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मयताच्या तारेला उत्तर कोण देतो? मयताला एकट्याने जायचं नसतं, म्हणून सासऱ्यांनी भाऊबंद गोळा केले. खेड्यावरचा चुलता येईपर्यंत थांबले. तेवढ्यात गाडी निघून गेली. पुढच्या गाडीची वाट बघत माझा नवरा अकोल्याच्या स्टेशनावर बसून होता, आणि इकडे मी त्याच्या एका होकाराची वाट बघत होते.

त्या वाट बघण्यात पंचफुलाबाईने माझ्यासाठी जे केलं, ते सख्ख्या माणसाने केलं नसतं. माझ्या पाठीमागे बसून तिने आपले गुडघे माझ्या कमरेला लावले. कळ आली की ती रेटायची, गेली की चोळायची. पाण्याने ओठ ओले करायची. नर्सबाईने "ओरडू नकोस" म्हटलं की ही माझ्या कानाशी म्हणायची, "बोंबल तू. इथं ओळखीचं कोनी नाही, इथले कान मोजाचे नाहीत." मला तशातही हसू आलं. तिचे गुडघे सोलून निघाले, पण तिने जागा सोडली नाही.

डॉक्टरीणबाई लाकडी नळी पोटावर ठेवून ठोके ऐकायच्या आणि बाहेर जाऊन विचारायच्या, "तार आली?" पहिल्यांदा म्हणाल्या, "ठीक आहेत." मग म्हणाल्या, "मंद झाले आहेत." मग बाबांवर चिडल्या, आवाज आतपर्यंत आला. "तुमचा नातू जातो आहे हो!" बाबा मोडतील पण वाकणार नाहीत. त्यांचं उत्तर तेच, जवाई आले की सांगतीन.

शेवटच्या वेळी बाईंनी नळी बराच वेळ पोटावर दाबून धरली. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. मग खिशात घातली. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पंचफुलाबाईचे हात तेवढे माझ्या कमरेवर थांबले.

त्यानंतर जे करतात त्याला 'क्रॅनिऑटमी' म्हणतात. मूल गेलेलं असतं आणि आईला वाचवायचं असतं, तेव्हा मुलाचं डोकं मोडून त्याला खालून काढतात. वाचणाऱ्यांनी मला माफ करावं, पण हे झाकून लिहायचं तर लिहायचंच कशाला? ह्याला मात्र बाबांनी लगेच हो म्हटलं. माझ्या पोटाला सुरी लागणार नव्हती ना. नाकावर क्लोरोफॉर्मचा बोळा आला, गोडसर, मळमळवणारा वास आला, आणि पुढचं मला आठवत नाही.

मुलगा होता. मला दाखवला नाही.

माझा नवरा आला तेव्हा मी शुद्धीवर होते. पंचफुलाबाई मला चमच्याने पेज पाजत होती. त्याच्यामागे चुलता, भाऊबंद, सगळे गंभीर तोंडाने उभे. त्याच्या काखेत एक गाठोडं होतं. सवाष्ण गेली म्हणून सासूबाईंनी हिरवं लुगडं पाठवलं होतं, मला शेवटचं नेसवायला. तो दारात थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू तं हायेस." मग खालीच बसला.

कुणीतरी त्याला सगळं सांगितलं. तो रडला नाही. बाबांकडे बघून एवढंच विचारलं, "मी आलो होतो न त्या दिवशी? तुमच्या ओट्यावर चहा पेलो न मी? मले काहून नाही सांगितलं?" आई तोंडाला पदर लावून उभी होती. माझ्या उशाशी पंचफुलाबाईच्या हातातली पेज माझ्या गळ्यावर सांडली.

पुढे ताप भरला. 'प्युअरपेरल फीव्हर', म्हणजे बाळंतपणातून अंगात भिनलेलं विष. त्या तापातही पंचफुलाबाई खाटेखाली झोपायची. मी बरी होऊन निघाले तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला पुन्हा दिवस राहिले तर कळांची वाट बघू नका. आधीच आणून ठेवा. आणि मला सगळं सांगा."

मला वाटलं होतं, आमचं बघून गाव शहाणं होईल. झालं उलटंच. नांदगावात बायका आजही माझं उदाहरण देतात: बघा, तार केली, बाहेर बोभाटा झाला, म्हणून पोर गेलं. हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. एकदा मी भर लग्नात एकीला त्यावरून बोलले, तर ती म्हणाली, "दुःखानं बाईचं डोस्कं फिरलं."

दुसऱ्या वेळी मी माहेरी गेले नाही. दिवस भरत आले तसं अकोल्याच्या बाजारात भाजीच्या ढिगापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, की मी ऑपरेशनला अमरावतीला चालले. नवऱ्याने अडत्याला सांगितलं, टांगेवाल्याला सांगितलं. दवाखान्यात जाऊन राहिलो. कळा सुरू झाल्याबरोबर पोट उघडलं आणि मुलगी झाली. ठणठणीत, रडकी मुलगी.

पंचफुलाबाई नांदगावहून अकोल्याला बघायला आली. म्हातारी झाली होती, गुडघे धरत बसली. नवऱ्याने तिला रामराम केला नाही, उठून मळ्यात निघून गेला. तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "यावक्ती कोनाले सांगितलं तं नाही ना, माय?"

मी म्हटलं, "साऱ्या अकोल्याले सांगितलं, पंचफुलाबाई."

तिने मुलीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तरी जगली. देव मोठा हाय."

मी तिला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं होतं हे मी विचारलं नाही. मुलगी भुकेने नाही, आंघोळ राहिली म्हणून किरकिरत होती. घरात सासू होती, जाऊ होती. मी पाणी तापवायला ठेवलं, तेलाची वाटी आणली आणि पंचफुलाबाईला पाय पसरायला सांगितले.