रोख रुपयाची सुईण

आयुष्यभर सुईणपण करून मी जे काही कमावलं, ते सगळं अंडी घालायचं.

हे महाराजांच्या अमदानीतलं, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचे तेव्हाचं. बाळंतपण सुखरूप पार पडलं की घरची माणसं विचारायची, ‘‘सुंद्राबाई, काय द्यायचं?’’ झालं! माझी जीभ टाळ्याला चिकटायची. ‘‘तुमच्या मनाला यील ते द्या,’’ मी म्हणायचे, आणि त्यांच्या मनाला नेमकी कोंबडीच यायची. (पेठेतल्या कोंबड्यांना हे कळून चुकलं असावं. मी दारात दिसले की त्या माळ्यावर चढायच्या!)

आमच्या मालकांचा टांगा होता. कोंबड्यांना घर पुरेना, तशा त्या टांग्याच्या गादीवर निजायला लागल्या. एके दिवशी कचेरीतले एक कारकून पांढरंशुभ्र धोतर नेसून ऐटीत गादीवर बसले, ते थेट अंड्यावर. त्या दिवशी मालकांचं डोकं फिरलं.

‘‘सुंद्रे, आता बास! म्होरल्या बाळंतपणाला रोख रुपया आणलास तर सुईणपण चालू. न्हायतर बंद!’’

पोर पहिल्यांदा ट्यांहां करतं ना, ते ऐकल्याशिवाय मला करमायचंच नाही हो! मग मालकांनीच माझी तयारी करून घ्यायला घेतली.

‘‘मी गिऱ्हाईक. आता इचारतो. बाई, किती घेणार?’’

‘‘एक रुपया.’’

‘‘हां, झ्याक!’’

‘‘आठ आणं दिलं तरी चालतील. न्हाय दिलं तरी काय हरकत...’’

‘‘अगं बये, मी अजून नको म्हटलंच न्हाय की!’’

अशात गुळाच्या एका अडत्यांकडून बोलावणं आलं. सुनेचे दिवस भरले होते. मालक म्हणाले, ‘‘तुझा काय भरवसा न्हाय. मीबी येतो.’’

अडत्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी दारातच विचारलं, ‘‘बोला, किती घेणार?’’ मालकांनी मला मागून ढोसलं, तरी शब्द फुटेना. तेवढ्यात अण्णांनी खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि हात पुढं केला. गुळाच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. अण्णांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती!

आता परक्या पुरुषाचा हात मी कसा धरणार? शेवटी मालकांनीच आपला हात उपरण्याखाली घातला. कापड हाललं. अण्णांनी भुवया उडवल्या, मालकांनीही उडवल्या. मग अण्णा एकदम ओरडले, ‘‘आई गं! सोडा, सोडा! बरं, ठरलं!’’ (लगाम ओढून ओढून मालकांचा पंजा लोखंडी झाला होता.)

‘‘काय ठरलं?’’ मी हळूच विचारलं.

‘‘मला काय म्हाईत! त्यानं एक बोट दाबलं, मी दोन दाबली.’’

‘‘म्हंजे दोन रुपयं?’’

‘‘का आपुनच त्यास्नी द्यायचं, काय कळंना बघ.’’

असा सौदा डोक्यात घेऊन मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. पोरगी झाली, साऱ्या गल्लीला जागं करील अशा आवाजाची. मला इतका आनंद झाला की रुपयाचं विसरूनच गेले.

बारशाला आम्ही दोघं गेलो. अण्णांनी एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. रोख! चांदीचा! मालकांनी मिशीला पीळ दिला. मला तर भरूनच आलं.

एवढ्यात अण्णांच्या आईनं, आक्कांनी, बाळ माझ्यापुढं धरलं. ‘‘सुंद्राबाई, माझ्या पणतीचं तोंड बघा की!’’

बारशाला बाळाचं तोंड रिकाम्या हातानं बघत नाहीत, काहीतरी हातावर ठेवतात. माझ्या हातात काय होतं? मी ठेवला! पोरीनं पटकन मूठ मिटली.

‘‘पोरगी पैशाला घट्ट हाय!’’ आक्का खूश झाल्या.

मालकांचा चेहरा सुक्या मिरचीसारखा झाला. ‘‘सुंद्रे,’’ ते दातओठ खात म्हणाले, ‘‘उद्यापासनं तुझं सुईणपण...’’

‘‘पावणं, तुमीबी बघा की!’’ आक्कांनी बाळ त्यांच्याच पुढं धरलं. पोरीनं त्यांचं बोट पकडलं. मालक नुसते बघत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या हातानं कनवटीला चाचपलं आणि दिवसभराचं टांग्याचं भाडं बाळाच्या पायाशी ठेवलं.

परतताना माझ्या मांडीवर आक्कांनी मानाची म्हणून दिलेली कोंबडी. पेठ जवळ आल्यावर मालकांनी घसा खाकरला.

‘‘म्होरलं बाळंतपण कुठं हाय म्हणालीस?’’

तेव्हापासून माझा दर पक्का आहे, एक रुपया. घासाघीस नाही, उधारी नाही. बाळाच्या हातावर रोख ठेवल्याशिवाय मी घरी येतच नाही!