तालमीचा राखणदार

चूक तात्याची. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत बसाल.

तात्या म्हणजे माझा थोरला चुलता. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणतो, पाठीमागं नाही. तरुणपणी एकच कुस्ती धरली, ती हरला, आणि तेव्हापासून जगाला सल्ले देत सुटलाय. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून शिवाजी पेठेत परत आलो, तेव्हा त्याला हक्काचं गिऱ्हाईकच मिळालं.

येताना होस्टेलवरून दोन ससे आणले होते. डिग्री नाही, ससे! दोघंही पांढरेशुभ्र, पण नावं तांबडा आणि पांढरा. कोल्हापुरात नुसत्या पांढऱ्याला कोण विचारतंय?

त्या वर्षीचा उन्हाळा काय सांगू! आमची वरची खोली पत्र्याची. पत्र्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. मी पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं, बाटल्यांत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून आत ठेवलं. एका दुपारी लाईट गेली आणि तांबडा पाय पसरून पडला. तोंड उघडं, कान तव्यासारखे तापलेले. हातात घेतला तर नुसती धडधड. मला रडायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात दारात तात्या.

“कॉलेज सोडून सशाला वारा घालतोय व्हय? आरं, आमच्या टायमाला असल्या उन्हात आम्ही तालमीच्या हौद्यात जाऊन पडायचो. ताक, लिंबू, हळद मुरलेली माती ती! तुझ्या फ्रीजपेक्षा गार!”

“तात्या, ससं हाय त्यो. पैलवान न्हाय.”

“मग तू तरी कुठं हाईस?”

आता सांगा, चूक कुणाची?

तालीम गल्लीच्या टोकाला. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. किल्ली चौकटीवर असते हे लहानपणापासून तिथं जाणाऱ्या मला ठाऊक. ससे छातीशी धरून पळालो आणि हौद्यात सोडले. तांबडा पोटावर पसरला, कान मातीला लावले, आणि हळूहळू त्याचा श्वास जाग्यावर आला. त्या मातीचा वास अजून नाकात आहे. ताक, तेल आणि आमच्या बापजाद्यांचा घाम. मीही काठावर आडवा झालो. इतकी गार झोप मला परत कधी लागली नाही.

जागा झालो तो पोरं आत येत होती. हौद्यात ससे नाहीत! नुसती दोन बिळं.

वस्ताद कमरेवर हात ठेवून उभे. “ह्ये काय?”

अंघोळ केल्याशिवाय, मातीच्या पाया पडल्याशिवाय त्या हौद्यात कुणी पाय घालत नाही. आणि मी लेंड्या टाकणारी जनावरं सोडलेली! मी तोंड उघडायच्या आत पोरांच्या मागून बोलला कोण? तात्या.

“बीळ! नाग हाय ह्यो. तालमीचा राखणदार!”

गप बसायचं की नाही? पण मी म्हणालो, “व्हय वस्ताद. मला बी फुस्स आवाज आला.”

झालं! कुस्त्या बंद. काठावर दुधाची वाटी आली. गल्लीतल्या बायका दाराबाहेर हळदीकुंकू घेऊन उभ्या. तात्यानं नाग बघितलेलासुद्धा निघाला, आणि दर चहाला त्याचा फणा वीतभर वाढायला लागला. मला एकच घोर, ससे उपाशी मरतील. म्हणून कोथिंबिरीची जुडी बिळाच्या तोंडाशी ठेवली.

“नागाला कोथमीर?” एकानं विचारलं.

“राखणदार शाकाहारी असतोय, खुळ्या!” तात्या ओरडला.

सकाळी जुडी गायब. तात्याच्या पाया पडायला माणसं आली!

संध्याकाळी आरती. तात्या सगळ्यांत पुढं, डोळे मिटून. माती हलली. वर आले दोन लांब कान, तांबड्या मातीनं लालभडक. शेजारी आणखी दोन.

“फणा!” तात्या डोळे उघडून ओरडला. “आयला, चार!” आणि दाराबाहेरच्या बायकांच्याही मागं जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात तांबडा शिंकला.

वस्तादांनी दोघांना उचलून मांडीवर घेतलं, माती झाडली. “कुणाचं?”

“त्याचं!” बायकांच्या मागून आवाज आला. “त्या कॉलेज सोडलेल्याचं!”

सगळी तालीम हसली. वस्ताद हसले नाहीत. मी तांबडा उन्हानं तापला होता ते सगळं सांगून टाकलं.

“जनावर तापलं हुतं तर मला सांगायचंस की. मीच माती भिजवून दिली असती.” बोलताना त्यांचा हात तांबड्याच्या पाठीवरून फिरत होता. “ससं आणलंस त्याचं काय न्हाय. हितं उभं ऱ्हाऊन खोटं बोललास. ससं हितंच ऱ्हातील. तू यायचं न्हाय.”

ससे तालमीतच म्हातारे झाले. उन्हाळ्यात पोरं त्यांच्यासाठी एक कोपरा भिजवून ठेवायची. मी खिडकीच्या गजांतून बघायचो. तांबडा एकदा तरी ओळख देईल म्हणून किती वेळा थांबलो. तो मातीत कान टाकून पडलेला असायचा. तात्या मात्र अजून रोज आत जाऊन बसतो आणि नव्या पोरांना सांगतो, ससे मी वाचवले.

दोन ससे आणि एक तालीम. एवढं गेलं माझं.