वडूजचं वळण

आकाराम इंजिनिअर व्हायच्या आधीपासूनच वैतागलेला होता. रांगेत कुणी मध्ये घुसलं, खानावळीत भाजी खारट निघाली, एवढ्यावरही त्याचं डोकं फिरायचं. अशा माणसाला १९७४ साली सांगलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा म्होरक्या केलं, म्हणजे बघा! मिरज ते सातारा रेल्वेमार्गाची छोटी प्रतिकृती करायची होती. फळीवर पितळी पट्ट्यांचे रूळ आणि त्यावर बॅटरीचं इंजिन. स्नेहसंमेलनात सरांसमोर गाडी न पडता सातारला पोचली तर आकाराम आणि त्याचे दोन जोडीदार पास, नाहीतर ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा.

मार्ग सोपा होता, पण जोडीदारांना गावाची उबळ आली. गुंडा शिरवळचा. एके सकाळी आकाराम येऊन बघतो तर रुळांनी मध्येच कोपरासारखं वळण घेतलेलं आणि तिथं काडेपेटीचं स्टेशन. वर पाटी: शिरवळ.

"आरं, शिरवळ सातारच्या पल्याड. आन् तिथं रेल्वे हाय का?"

"न्हाई, म्हनून तर घातलं," गुंडा म्हणाला.

आकारामनं कपाळावर हात मारला आणि खिळे उपटले. आठवडा उलटत नाही तोच ज्योतिबानं त्याचं गाव विटं आत घुसवलं. वर म्हणतो, "गड्या, वाटंतच हाय की!" गाडी त्या वळणावर हटकून कलंडायची. समजावून समजावून आकारामचा घसा बसला.

"ही रेल्वे हाय का सोयऱ्याची बैलगाडी, परत्येकाच्या दारात न्यायला?" असं ओरडत त्यानं विटंही उखडलं. दोघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गाडी मात्र सुरळीत धावू लागली.

संमेलनाच्या सकाळी आकारामची आई हरणाबाई मेंढरं शेजारणीवर सोपवून, एसट्या बदलत वडूजहून आली. फळीसमोर बसून तिनं गाडी डोळे भरून पाहिली. लेकाकडून एकेका स्टेशनाचं नाव वदवून घेतलं. मग म्हणाली, "आन् वडूज कुठं रं?"

"आई, तिकडं न्हाई जात रेल्वे."

"पर ही तूच केलीस न्हवं?"

आता या बाईला काय सांगावं! आकाराम चिडला. आईवर, रेल्वेवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण त्याचा हात पक्कडीकडे निघाला होता. मग गुंडानं रूळ वाकवायला धरला आणि ज्योतिबानं खिळे पुढं केले. काडेपेटीच्या नव्या स्टेशनावर वडूजची पाटी लागली.

दुपारी सर आले. गाडी निघाली. मिरज गेलं, सांगली गेली, कराड गेलं. वडूजच्या वळणावर चढली आणि ऐन स्टेशनाच्या दारात आडवी झाली.

"हे वळण कुणाचं?" सरांनी विचारलं.

"माझं," आकाराम म्हणाला.

"ऑक्टोबरला या." सर पुढच्या टेबलाकडे गेले.

"आता ऑक्टोबरला शिरवळ बी घालू," गुंडा पुटपुटला. आकारामला त्याचा गळा धरावा की स्वतःचा, हेच कळेना. पास होणं ऑक्टोबरवर गेलं होतं आणि रडूही येत होतं.

हरणाबाई उठली. तिनं इंजिन उचललं, पदरानं पुसलं आणि वडूजच्या पाटीखाली नीट उभं केलं.

"पडली तर पडू दे," ती म्हणाली. "आली तर खरी."